रिपोर्टमध्ये ‘हर्पिस’ आलंय, पण कोणता? गाईंच्या हर्पिस विषाणूंमधला जनुकीय फरक गोठ्यात कुठे कामी येतो

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका तरुण दूध उत्पादकाचा आहे. थोडक्यात असा: “गोठ्यात २२ एचएफ संकरित गाई आणि ४ म्हशी आहेत. दोन महिन्यांत तीन गाईंनी सहाव्या-सातव्या महिन्यात गाभ टाकला. रक्त तपासलं तर नऊ जनावरं आयबीआर पॉझिटिव्ह आली, त्यात एक म्हैस. कोणी म्हणतं हा हर्पिस आहे, जन्मभर जात नाही, गाई विकून मोकळे व्हा. कोणी म्हणतं शेतात मेंढ्या बसवल्या त्यातून आला. येवल्याच्या पाहुण्यांच्या गाईच्या रिपोर्टवर हर्पिस-४ लिहिलंय. हे सगळे एकच का? आणि वेगळे असतील तर आम्हा शेतकऱ्यांना त्याचा काय उपयोग?”

उपयोग खूप आहे. गाई विकायच्या की ठेवायच्या, लस द्यायची की नाही, मेंढ्यांना जबाबदार धरायचं की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं विषाणूच्या जनुकांतल्या फरकावर अवलंबून आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पण त्याआधी एक गोष्ट. गाभ टाकलेल्या गाईला आणि त्या वारेला उघड्या हाताने शिवू नका. आयबीआर, म्हणजे गाईच्या हर्पिस १ मुळे होणारा आजार, त्याचा विषाणू माणसाला होत नाही, तुम्हाला किंवा घरच्यांना त्याची भीती नाही. पण तीन गाई गाभडल्या म्हटल्यावर ब्रुसेला, म्हणजे सांसर्गिक गर्भपात, नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरून वागायचं. ब्रुसेला माणसाला होतो आणि फार हाल करतो. रिपोर्टमध्ये आयबीआर आलं म्हणून ब्रुसेलाची तपासणी टाळायची नसते. एकाच गोठ्यात दोन्ही असू शकतात. तोवर दूध उकळूनच प्या.

आता विषाणूंकडे. हर्पिस हे एका मोठ्या कुळाचं नाव आहे. या कुळातल्या सगळ्या विषाणूंची जनुकं दोन पदरी डीएनएवर असतात आणि एकदा शरीरात शिरलेला विषाणू कुठल्या तरी पेशीत दडून राहतो. साम्य बहुतेक इथपर्यंतच. कुळाच्या अल्फा, बीटा आणि गॅमा अशा तीन शाखा आहेत. गाईच्या बाबतीत आपल्याला कामाच्या दोनच: अल्फा आणि गॅमा. बोव्हाइन (म्हणजे गाईचा) हर्पिस १, २ आणि ५ हे अल्फा शाखेतले. बोव्हाइन हर्पिस ४ आणि मेंढीकडून येणारा ओव्हाइन हर्पिस २ हे गॅमा शाखेतले. १, २, ४, ५ हे आकडे वाचून वाटतं की ही एकाच विषाणूची लहानमोठी भावंडं असतील. तसं नाही. ते आकडे नोंदणीचे आहेत, नात्याचे नाहीत. गाईचा हर्पिस २ हा गाईच्याच हर्पिस ४ पेक्षा माणसाच्या ओठावर फोड आणणाऱ्या हर्पिसच्या कितीतरी जवळचा आहे.

हा फरक किती मोठा आहे ते एका आकड्यावरून कळतं. डीएनएची चार अक्षरं असतात, त्यातली जी आणि सी ही दोन किती टक्के आहेत हे मोजता येतं. हर्पिस १ मध्ये ती सुमारे ७२ टक्के आहेत, हर्पिस ५ मध्ये सुमारे ७५, आणि हर्पिस ४ च्या मुख्य भागात जेमतेम ४१. प्रयोगशाळेत पीसीआर, म्हणजे विषाणूचं जनुकच शोधणारी चाचणी, लावणाऱ्याला हे लगेच जाणवतं. जी-सी जास्त असलेला डीएनए सहजी उलगडत नाही, मिश्रणात वेगळं द्रव्य घालावं लागतं, तापमान बदलावं लागतं. म्हणून ‘हर्पिसची पीसीआर केली’ हे वाक्य अपुरं आहे. एकासाठी बेतलेली चाचणी दुसऱ्याला पकडत नाही. रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा कोणता विषाणू आणि कोणतं जनुक तपासलं ते वाचा. लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा. तो तुमचा हक्क आहे.

तुमच्या गोठ्यात ज्याचा संशय आहे तो हर्पिस १. आयबीआर हे त्याच्या श्वसनमार्गाच्या आजाराचं नाव. नाक लाल होतं, ताप येतो, डोळ्यांतून पाणी येतं, दूध एकदम उतरतं. हाच विषाणू गाईच्या योनीत आणि वळूच्या लिंगावर पुळ्या आणतो आणि गाभही पाडतो. त्याच्या डीएनएची लांबी सुमारे १ लाख ३५ हजार अक्षरं, त्यावर सत्तरच्या आसपास जनुकं. भारतात त्याची पहिली नोंद १९७६ ची आहे, उत्तर प्रदेशातल्या वासरांमधली. म्हणजे तो काल-परवा आलेला पाहुणा नाही.

या हर्पिस १ चे पोटप्रकार आहेत: १.१, १.२ए आणि १.२बी. डीएनए विशिष्ट विकरांनी (एन्झाइमनी) कापला की तुकड्यांची जी पट्टी उमटते, तिच्यावरून हे प्रकार आधी ओळखले गेले. १.१ हा प्रामुख्याने श्वसनाचा आणि गर्भपाताचा. १.२ए दोन्हीकडे चालतो, गाभही पाडतो. १.२बी सौम्य, जास्त करून जननेंद्रियांपुरता, आणि गर्भपाताशी त्याचा संबंध सहसा जोडला जात नाही. हा भेद गावच्या वळूकडून गाई भरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. इगतपुरी-त्र्यंबककडे डांगी गाईंच्या कळपात वळू मोकळा असतो. तिथे पुळ्यांचा प्रकार असेल तर तो नाकातून पसरण्याआधी वळूमार्फत सगळ्या कळपात जातो, आणि दिसतं एवढंच की गाई उलटताहेत, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येताहेत. वळूची तपासणी कोणी करत नाही, दोष गाईंना लागतो.

पोटप्रकार तीन असले तरी लशीच्या दृष्टीने ते एकच आहेत. लाळ्या खुरकूतचा विषाणू आरएनएचा, तो नक्कल करताना भरमसाट चुका करतो, म्हणून त्याच्या लशीत ओ, ए आणि आशिया-१ असे प्रकार घालावे लागतात आणि त्यातही फेरबदल करावे लागतात. हर्पिसचं डीएनए उतरवून घेणारं विकर स्वतःच्या चुका तपासत जातं. म्हणून हा विषाणू फार सावकाश बदलतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या वाणापासून केलेली लस आजच्या विषाणूवरही चालते ती यामुळे. मात्र दोन वाण एकाच जनावरात, एकाच पेशीत आले तर तुकड्यांची अदलाबदल करतात. अर्जेंटिनात हर्पिस १ आणि ५ यांचा असा नैसर्गिक संकर सापडला आहे.

हर्पिस ५ ची कथा या विषयात मला सर्वांत बोधक वाटते. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियात मेंदूज्वराने मेलेल्या वासरांत तो सापडला, तेव्हा तो आयबीआरचाच मेंदूत शिरलेला वाण समजला गेला. पुढे त्याला १.३ म्हणू लागले आणि १९९२ मध्ये वेगळा विषाणू म्हणून मान्यता मिळाली. दोघांची प्रथिनं सरासरी ८२ टक्के जुळतात. उरलेल्या फरकातला एक तुकडा जीई नावाच्या प्रथिनात आहे. हे विषाणूच्या वेष्टणावरचं प्रथिन, आणि विषाणूला मज्जातंतूंतून पुढे सरकायला ते मदत करतं. हर्पिस ५ च्या जीईमध्ये ग्लायसिन या अमिनो आम्लाने भरलेला एक छोटा पट्टा आहे. सशांवरच्या प्रयोगात तेवढाच पट्टा काढून टाकला, तर विषाणूची मेंदूज्वर आणण्याची ताकद जवळजवळ संपली. बाकी सगळी जनुकं तशीच होती. आयबीआरचा विषाणूही मज्जातंतूत शिरतो, पण तो सहसा चेहऱ्याच्या मज्जागाठीपाशी थांबतो. हर्पिस ५ पुढे मेंदूत जातो. वासरू गोल फिरतंय, दात खातंय, आंधळ्यासारखं धडकतंय, तर हा विचार करायचा. अर्थात आपल्याकडे आधी रेबीजचा, आणि तोंडात हात घालायचा नाही.

आणि इथेच तुमच्या म्हशीचा मुद्दा येतो. रक्तजलाची नेहमीची एलायझा चाचणी शोधते ती प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं; खुद्द विषाणू नव्हे. बहुतेक किट जीबी नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं पकडतात. जीबी हे विषाणूला पेशीत शिरायला लागणारं प्रथिन, त्यामुळे जवळच्या सगळ्या नातेवाईकांत ते जवळपास सारखंच असतं. परिणाम असा की जीबीची चाचणी हर्पिस १ आणि ५ वेगळे सांगू शकत नाही. म्हशींचा स्वतःचा एक हर्पिस आहे, बुबलाइन हर्पिस १, आणि तो हर्पिस ५ चा अगदी जवळचा. तोही या चाचणीत पॉझिटिव्ह दाखवू शकतो. शेळ्यांच्या हर्पिसचंही तसंच. म्हणून तुमची म्हैस ‘आयबीआर पॉझिटिव्ह’ आली म्हणजे तिनेच गाईंना रोग दिला, असा निष्कर्ष काढू नका. तिला स्वतःच्या जातीचा विषाणू झालेला असू शकतो. जीई प्रथिनात फरक जास्त आहेत, म्हणून जीबी आणि जीई दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या की म्हशीच्या बाबतीत थोडा उलगडा होतो. पक्कं सांगायचं तर पीसीआर करून त्या जनुकाचा क्रमच वाचावा लागतो.

येवल्याच्या पाहुण्यांचा हर्पिस ४ ही निराळीच गोष्ट. तो १९६६ मध्ये हंगेरीतून प्रथम नोंदवला गेला. गॅमा शाखेतला, डीएनएचा मुख्य भाग १ लाख ८ हजार अक्षरांचा, आणि दोन्ही टोकांना त्याच त्याच तुकड्यांच्या माळा. मज्जातंतूत न दडता तो पांढऱ्या पेशींत दडतो. धडधाकट गाईंतही सापडतो, म्हणून नुसता सापडला एवढ्यावरून त्याला आजाराचं कारण ठरवता येत नाही. त्याचं खरं लक्ष्य गर्भाशयाचं अस्तर. व्याल्यावर वार अडकली, जंतू वाढले, सूज आली की सुजेत तयार होणारं प्रोस्टाग्लॅंडिन ई-२ या विषाणूच्या पहिल्या जनुकाची कळ दाबतं आणि तो वाढायला लागतो. विषाणू वाढला की अस्तर मरतं, सूज आणखी वाढते. पाहुण्यांची गाय व्याल्यावर महिनाभर घाण टाकत असेल, उपचाराला दाद देत नसेल, तर या रिपोर्टला अर्थ आहे. नसेल तर घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्या गोठ्यातल्या गर्भपातांशी तो जोडू नका, आणि आयबीआरची लस त्याच्यावर चालत नाही. याच विषाणूकडे बीओ-१७ नावाचं एक जनुक आहे, ते मुळात विषाणूचं नव्हेच. आफ्रिकी म्हशीच्या पूर्वजाकडून ते सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी त्याने उचललं, असा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे वाचलं तेव्हापासून या विषाणूबद्दल माझं कुतूहल कमी झालेलं नाही.

आता मेंढ्या. कांदा निघाला की धनगर बांधवांचे कळप आपल्या शेतात बसतात, खत मिळतं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. मेंढीच्या अंगात ओव्हाइन हर्पिस २ असतो, तिला काही होत नाही. सहा ते नऊ महिन्यांची कोकरं नाकातून तो सर्वांत जास्त टाकतात. गाईला किंवा म्हशीला तो लागला तर दुर्धर सर्दीज्वर होतो. ताप १०५-१०६ फॅरनहाइट, नाकातून घट्ट शेंबूड, तोंडात जखमा, आणि डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा कडेकडून आत पांढरा होत जातो. कडेकडून आत, हे नीट पाहा. साध्या डोळे येण्याच्या साथीत पांढरेपणा मधोमध सुरू होतो. आयबीआरमध्ये पापणीच्या आतला भाग लालभडक होऊन त्यावर पांढरे ठिपके दिसतात. दुर्धर सर्दीज्वराची गाय बहुतेक दगावतेच, पण ती दुसऱ्या गाईला तो देत नाही. हा विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर सहजी वाढवता येत नाही, म्हणून निदानाचा भरवसा पीसीआरवर आणि त्यातही ओआरएफ-७५ नावाच्या जनुकावर. थोडक्यात, तुमच्या तीन गर्भपातांचं खापर मेंढ्यांवर फोडू नका. आयबीआर मेंढ्यांच्या हर्पिसमुळे होत नाही. कळप बसवा, पण गोठ्याला आणि चाऱ्याच्या गव्हाणीला लागून नको.

हर्पिस २ बद्दल एवढंच की तो सडांवर फोड आणि खपल्या आणतो, आणि कधीकधी अंगावर लम्पीसारख्या गाठी. २०२२ नंतर आपल्याकडे प्रत्येक गाठ लम्पीच वाटते. लम्पी देवीच्या कुळातल्या विषाणूमुळे होतो, हा हर्पिस आहे. याच्या गाठी वरवरच्या असतात, माथ्याला चपट्या, आणि साधारण दोन आठवड्यांत खपली धरून जातात.

पुन्हा तुमच्या गोठ्याकडे. नऊ जनावरं जीबी एलायझात पॉझिटिव्ह आहेत, लस कधी दिलेली नाही असं तुम्ही लिहिलंय. तर त्याचा अर्थ, या जनावरांची कधीतरी हर्पिस १ किंवा त्याच्या जवळच्या नातेवाईकाशी गाठ पडली आहे. गर्भपात त्यामुळेच झाला, हे यातून सिद्ध होत नाही. आयबीआरमध्ये गाईला संसर्ग आधी होतो, गाभ नंतर काही आठवड्यांनी पडतो, कधी तीन महिन्यांनीही. तोवर रक्तातली प्रतिपिंडं वर जाऊन स्थिरावलेली असतात, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांतही वाढ दिसेलच असं नाही. पुरावा पडलेल्या गर्भात असतो. पुन्हा असं झालं (होऊ नये, पण झालंच) तर वारेची दोन-तीन बोंडं, गर्भाच्या यकृताचे, फुप्फुसाचे आणि मूत्रपिंडाचे सुपारीएवढे तुकडे वेगवेगळ्या स्वच्छ डब्यांत बर्फावर ठेवा. गोठवू नका, मिठात किंवा स्पिरिटमध्ये घालू नका. दुसरा एक संच फॉर्मालिनमध्ये. हे काम हातमोजे घालून, आणि शक्यतो डॉक्टरांच्या हातून. मग आपल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या पत्रासह नमुने त्याच दिवशी पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे रवाना करा. ब्रुसेला आणि आयबीआर दोन्हींची पीसीआर मागा.

गाई विकून टाका हा सल्ला मला मनापासून पटत नाही. हर्पिस १ चं डीएनए मज्जागाठीतल्या पेशींच्या केंद्रकात गोल कडं होऊन पडून असतं, आणि त्या काळात जवळजवळ एकच जनुक चालू असतं. जनावरावर ताण आला की बाकीची जनुकं जागी होतात आणि विषाणू पुन्हा नाकातून बाहेर पडतो. टेम्पोत घालून घोटीच्या बाजाराला नेणं, अनोळखी जागा, पाण्याचा खंड, यापेक्षा मोठा ताण कोणता? म्हणजे तुम्ही विकायला काढलेली गाय नेमकी बाजारात विषाणू टाकायला लागणार आणि चार तालुक्यांच्या गोठ्यांत तो पोहोचणार. तुमची सुटका होईल, पण पुढच्या घरी तीच कटकट उभी राहील, आणि उद्या त्याच बाजारातून तुम्ही गाय आणाल.

ताणासारखंच काम डेक्सामेथासोन करतं. आपल्याकडे सूज, ताप, किटोसिस, कशालाही ‘डेक्सा’ टोचण्याची सवय आहे. प्रयोगशाळेत दडलेला हर्पिस जागा करायचा असेल तेव्हा शास्त्रज्ञ हेच इंजेक्शन वापरतात. पॉझिटिव्ह गाईला ते देण्याआधी डॉक्टरांना तिचा रिपोर्ट दाखवा. गाभण गाईत तर त्याने एरवीही गाभ पडू शकतो.

लशीचा विचार करताना जनुकीय फरकाचा सर्वांत सुंदर उपयोग समोर येतो. वर ज्या जीई प्रथिनाबद्दल लिहिलं, त्याचं जनुक विषाणूतून काढून टाकलं तरी विषाणू वाढतो आणि लशीपुरती प्रतिकारशक्ती देतो. युरोपात अशा लशी १९९० च्या दशकापासून वापरात आहेत. भारतात हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने जीई काढलेली निष्क्रिय लस २०२२ मध्ये आणली. ही लस दिलेल्या गाईत जीबीची प्रतिपिंडं दिसतात, जीईची दिसत नाहीत. जीईची दिसली, तर तिला मोकाट विषाणू लागलेला आहे. लस टोचलेली गाय आणि आजार झालेली गाय वेगळी ओळखण्याची ही एकमेव सोपी वाट आहे. साधी, जनुक न काढलेली लस दिली तर ही वाट कायमची बंद होते. म्हणून लस कोणती हे न विचारता टोचून घेऊ नका. आणि क्रम चुकवू नका: आधी सगळ्या जनावरांचं रक्त, मग लस. लशीने दडलेला विषाणू मरत नाही, पण तो जागा झाला तरी कमी प्रमाणात बाहेर पडतो, आणि नव्या गाईंना तो लागायचं प्रमाण घटतं. जर्मनी २०१७ मध्ये आयबीआरमुक्त झाला तो वर्षानुवर्षं ही तपासणी आणि निवड करत.

तुमच्यासाठी माझी मांडणी अशी. पॉझिटिव्ह नऊ जनावरं गोठ्याच्या एका टोकाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बांधा. त्यांचं दाणा-पाणी आणि धार शेवटी. निगेटिव्ह जनावरांना लस. नवीन गाय आणली तर तीन-चार आठवडे वेगळी, आल्या दिवशी एकदा रक्त आणि वेगळेपण संपताना पुन्हा एकदा. रेतनाची कांडी घेताना वीर्यकेंद्राची श्रेणी विचारा, कारण हा विषाणू द्रवरूप नायट्रोजनमध्ये आरामात टिकतो. केंद्रांवर वळूंची आयबीआर तपासणी नियमाने करायची असते, कांडी कुठली ते माहीत असलं की ती झाली की नाही हे विचारता येतं.

राहिल्या कालवडी, आणि माझ्या मते सगळं भवितव्य त्यांच्यात आहे. पॉझिटिव्ह गाईच्या चिकातून वासराला प्रतिपिंडं मिळतात आणि ती सहा, कधी नऊ महिने रक्तात दिसतात. त्या वयात तपासलं तर निरोगी वासरूही पॉझिटिव्ह येतं. म्हणून आत्ता पॉझिटिव्ह आलेली वासरं काढू नका. दहाव्या महिन्यात पुन्हा रक्त घ्या, तोवर त्यांना मोठ्या गाईंच्या नाकापासून लांब, वेगळ्या दावणीला ठेवा. तेव्हा ज्या निगेटिव्ह येतील त्यांना भरवण्याआधी लस द्या. ब्रुसेलाची लस मात्र याची वाट पाहत थांबवू नका. ती मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच द्यायची असते आणि शासनाकडून मोफत मिळते.

दुसऱ्या तपासणीचे रिपोर्ट आले की जीबी आणि जीई असे दोन्ही रकाने दिसतील असा फोटो पाठवा. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, वय आणि शेवटची व्यायल्याची तारीख सोबत लिहा, म्हणजे एकेका गाईबद्दल बोलता येईल.